कोल्ह्यासाठी म्हणून घेतलेली गोळी

आमच्या नदीकाठी ऑगस्ट उतरायला लागला, बटाट्याची पानं पिवळी पडायला लागली, की लोक काडतुसांच्या दुकानात जाण्याआधी ऑरेल थिबोडोच्या ओसरीवर जात. बंदूक कुठलीही असो, अस्वलासाठी तिच्यात गोळी कुठली घालायची ते ऑरेलने सांगायचं आणि दुकानात जाऊन तीच मागायची, असं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. ऑरेल लाकडाच्या गिरणीत उभा जन्म काढलेला माणूस. उंच, हाडापेराने मोठा, आवाज असा की चर्चमध्ये तो हळू बोलला तरी शेवटच्या बाकावर ऐकू यायचं. कुणी विचारायला आलं की तो आधी बायकोला, लॉरेटला, कॉफी टाकायला सांगे आणि मग सुरू होई.

अस्वल म्हणजे हरण नव्हे, इथून त्याची सुरुवात. हिवाळ्याआधी त्याच्या अंगावर चार बोटं चरबी चढलेली असते, वरून दाट केस, आणि पुढच्या पायाचं हाड कुऱ्हाडीच्या दांड्याएवढं. गोळी आत गेली की चरबी भोक बुजवून टाकते. रक्त बाहेर पडतच नाही, मग दलदलीत माग काढायचा कशावरून? म्हणून गोळी जड हवी. तिचं तांब्याचं कवच आतल्या शिशाला घट्ट धरून राहणारं हवं. आत शिरताना ती फुलली पाहिजे पण फुटता कामा नये, आणि दुसऱ्या अंगाने बाहेर पडली पाहिजे. हे सांगताना तो मूठ मिटायचा आणि सावकाश उघडायचा, पण बोटं एकमेकांपासून सुटू द्यायचा नाही. "अशी फुलली पाहिजे," म्हणायचा. त्याची स्वतःची बंदूक थर्टी-ऑट-सिक्स, मोठी, आणि तिच्यात एकशे ऐंशी ग्रेन वजनाची गोळी. याहून हलकं काही अस्वलावर झाडणाऱ्याला तो माणसात धरत नसे.

सोलांज ही त्याच्या चुलतभावाची मुलगी. शाळेची बस चालवायची, आणि हंगामात एक वेगळंच काम करायची. तिच्याकडे आखूड पायांची, खरखरीत केसांची एक तपकिरी कुत्री होती. तिचं नाव मेलास, म्हणजे काकवी. कुणाचं जखमी झालेलं हरण किंवा अस्वल रानात हरवलं की सोलांज मेलासला लांब दोरीला बांधून माग काढायला जायची. तसा परवानाच होता तिच्याकडे. सोलांज स्वतःही शिकार करायची, पण लहान बंदुकीने, टू-फॉर्टी-थ्रीने. एका वर्षी त्या बंदुकीने तिने चांगलं मोठं अस्वल पाडलं, आणि शिकारी मंडळाच्या जेवणात सगळे तिचं कौतुक करत असताना ऑरेल उठून उभा राहिला. "सोलांज," तो म्हणाला, "एवढ्याशा बंदुकीने मारलंस, की गुदगुल्या करून हसवून मारलंस?"

सगळं सभागृह हसलं. सोलांजही हसली. मग ती काहीतरी सांगायला लागली, लहान बंदुकीतही गोळी नीट निवडली तर काय होतं असं काहीसं, पण तोवर ऑरेलने दुसरी गोष्ट सुरू केली होती. ती तशीच खाली बसली. त्यानंतर ती त्याच्या ओसरीवर कधी आली नाही, आणि ऑरेलच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढे एका हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढताना ऑरेल शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. शस्त्रक्रिया झाली. हात वर जायला लागला, लाकडं फोडता यायला लागली, तो म्हणायला लागला की झालं, बरा झालो. उन्हाळ्यात खडीच्या खाणीत जाऊन त्याने बंदुकीची पहिली गोळी झाडली तेव्हा दणक्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरी झाडली. तिसऱ्या वेळी, चाप ओढण्याच्या आधीच, त्याचे डोळे आपोआप मिटले आणि नळी खाली झुकली.

हे काय आहे ते ऑरेलला चांगलं ठाऊक होतं. नवशिक्या पोरांना तो यावरूनच चिडवत असे. त्यांच्या नकळत बंदुकीत झाडलेलं रिकामं काडतूस घालून द्यायचा आणि पोरगं चाप ओढताना कसं दचकतं ते सगळ्यांना दाखवायचा. आता त्याने स्वतःच्या बंदुकीत रिकामं काडतूस घालून पाहिलं. खाणीत दुसरं कुणी नव्हतं. बंदूक नुसती टक् वाजली आणि त्याचं सगळं अंग आखडलं. तो बराच वेळ खडीच्या ढिगावर बसून राहिला.

खांदा दुखतो एवढं लॉरेटला माहीत होतं, कारण रोज मलम तीच चोळायची. डोळे मिटतात हे त्याने तिलाही सांगितलं नाही.

मुलीची, जिनेटची, एक जुनी बंदूक घरात होती. जिनेट लग्न करून दूर गेली तेव्हापासून ती कपाटामागे उभी होती. तीही टू-फॉर्टी-थ्रीच. ऑरेलने ती काढली, पुसली, तेल दिलं, आणि खांद्याला लावून पाहिली. तिचा दणका जेमतेम जाणवणारा. राहिल्या फक्त गोळ्या. पण आपल्या गावच्या दुकानात जाऊन टू-फॉर्टी-थ्रीच्या गोळ्या मागणं त्याला शक्य नव्हतं. तिथे रोज सकाळी चारजण कॉफीचे कप घेऊन उभे असतात आणि दुपारपर्यंत सगळा नदीकाठ बातमी ऐकतो. म्हणून तो गाडी काढून थेट लांबच्या प्रेस्क आईल शहरात गेला. लॉरेटला म्हणाला, गाडीच्या टायरांचं बघून येतो.

तिथल्या दुकानात काउंटरवर एक तरुण बाई होती. ऑरेलने बंदूक सांगितली. तिने साहजिकच विचारलं, "कशासाठी हव्यात?"

अस्वलासाठी, असं म्हणायला त्याने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागे दोन माणसं फ्रेंचमध्ये बोलताना ऐकू आली. बोलण्याची ढब नदीकाठचीच. ऑरेलने वळून पाहिलं नाही. "कोल्ह्यांसाठी," तो म्हणाला. "कोंबड्यांच्या मागे लागलेत."

बाईने चटकन एक डबा काढून दिला. फार छान गोळी, ती म्हणाली, हलकी, वेगवान, लागली की आतल्या आत भुगा होते, कातडं फाटत नाही. ऑरेलने डबा हातात घेतला. तिने सांगितलं नसतं तरी त्याला ते ठाऊक होतंच. त्याच बंदुकीच्या जड गोळ्या, शंभर ग्रेनच्या, पक्क्या कवचाच्या, तिच्या डोक्यामागच्या फळीवर मांडलेल्या होत्या आणि तो त्यांच्याकडे बघत होता. त्या मागायच्या तर आधीचं बोलणं फिरवायला हवं होतं. मागची दोन माणसं जवळ आली. ऑरेल पैसे देऊन बाहेर पडला. परतीच्या वाटेवर गाडीत तो स्वतःची समजूत घालत राहिला. अस्वलाला ओढायला रानात ठेवलेल्या आमिषाच्या पिंपापासून मचाण ते कितीसं लांब? हाकेच्या अंतरावर. खांद्याच्या मागे, फासळ्यांच्या मधोमध नेमकी घातली की कुठली का गोळी असेना, काय फरक पडतो? दुसऱ्या कुणी हे बोलून दाखवलं असतं तर ऑरेलने त्याला ओसरीवरून हाकलून दिलं असतं.

सप्टेंबरात, शाळा बटाटे काढायच्या सुटीवर असताना, तो मचाणावर बसला. खाली पिंपात शिळे डोनट, काकवी आणि तळणीचं तेल. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा अस्वल आलं. मोठा नर, चालताना पोट लोंबत होतं. ऑरेल थांबला, ते आडवं होऊ दिलं, नेम घेतला, आणि डोळे उघडे ठेवून चाप ओढला. डोळे उघडे राहिले याचाच त्याला इतका आनंद झाला की अस्वलाने त्याच क्षणी पुढचं पाऊल मागे घेतलं होतं हे त्याच्या ध्यानात उशिरा आलं. गोळी फासळ्यांमध्ये न जाता खांद्याच्या हाडावर बसली. अस्वल ओरडलं, गरकन वळून स्वतःच्याच खांद्याला चावलं, आणि आल्डरच्या झुडपांत घुसलं. पुढे सीडरची दलदल होती.

ऑरेल खाली उतरला. जमिनीवर केस पडले होते, झुपकेच्या झुपके. चरबीचा एक पांढरा तुकडा होता. थोडं लालभडक रक्त, पानांवर शिंतोडे, आणि तेही फक्त एका बाजूला. झुडपांच्या तोंडाशी येईतो तेही थांबलं होतं. त्याने आणखी आत पाऊल टाकलं नाही. घरी गेला, जिनेटची बंदूक पुसून कपाटामागे ठेवली, थर्टी-ऑट-सिक्स गाडीत टाकली, आणि मगच सोलांजला फोन लावला.

सोलांजने नेहमीचेच प्रश्न विचारले. अस्वल कसं उभं होतं, कुठे लागली, कसं पळालं. आणि मग, "बंदूक कुठली होती, काका? गोळी कुठली?"

लॉरेट चुलीपाशी प्लॉय, म्हणजे कुट्टूचे घावन, भाजत होती. तव्यावरचं पीठ फुगून त्याला भोकं पडायला लागली होती. ऑरेल तिकडे बघत म्हणाला, "माझीच. दुसरी कुठली असणार? एकशे ऐंशी ग्रेन."

 सोलांज म्हणाली, त्या गोळीने खांद्यात लागलं असेल तर ते रात्रीतच मेलं असणार, उजाडताच येते, आपण दोघं पुरे. त्याने फोन ठेवला. लॉरेटने प्लॉयवर लोणी लावलं, त्याची ताटली त्याच्यापुढे ठेवली, पण त्याला काही खाववलं नाही.

सकाळी धुकं होतं. मेलासने मचाणाखाली नाक लावलं आणि लगेच दोरी ताणली. सोलांज मात्र तिथेच उकिडवी बसली. तिने केस बोटांत घेऊन पाहिले, चरबीचा तुकडा उलटला, मग पलीकडच्या बाजूची पानं एकेक करून बघितली. तिथे रक्ताचा थेंब नव्हता. तिने मान वर करून ऑरेलकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावर थर्टी-ऑट-सिक्स होती.

"आरपार नाही गेली," ती म्हणाली.

"आत राहिली असेल," ऑरेल म्हणाला. "हाडात."

तिने आणखी एकदा जमिनीकडे पाहिलं, मग उठली आणि कुत्रीला म्हणाली, चल.

आल्डरमध्ये वाकून जावं लागत होतं. मेलास न चुकता चालली होती, कुठे एखाद्या फांदीवर पुसलेलं रक्त, कुठे चिखलात पंजा. दलदलीत सीडरची झाडं एकमेकांवर पडलेली, त्यांच्यावर शेवाळ. एका उपटलेल्या बुंध्याच्या आडोशाला मेलास थबकली, तिच्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि बुंध्यामागून अस्वल उठलं. मेलेलं अस्वल शोधायला आलेल्या माणसासारखी सोलांज दोरी हातात धरून पुढे होती. अस्वलाने एकच पंजा मारला. मेलास दोरीसकट हवेत उडाली.

ऑरेलने बंदूक खांद्याला लावली. अस्वल समोर, बाजूने उघडं, इतकं जवळ की त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती. त्याचे डोळे मिटले. त्याला ते मिटताना कळलंही. त्याने चाप ओढला, दणका बसला, आणि डोळे उघडले तेव्हा गोळी वरच्या फांद्यांत गेलेली होती, सीडरचा पाला खाली पडत होता, आणि सोलांजने दोरी टाकून आपली लहान बंदूक खांद्यावरून काढली होती. तिची एकच गोळी कानामागे लागली. अस्वल बसल्यासारखं झालं आणि कलंडलं.

सोलांजने अस्वलाकडे पाहिलं नाही. ती चिखलात गुडघे टेकून मेलासकडे गेली. कुत्रीची एक बाजू फाटली होती, मागचा पाय भलत्याच दिशेला वळला होता. ती केकाटतही नव्हती, नुसती धापा टाकत होती. सोलांजने अंगातलं जाकीट काढून तिला गुंडाळलं. ऑरेल म्हणाला, दे, मी उचलतो. सोलांज म्हणाली, नको.

 जनावरांच्या डॉक्टरकडे जाताना गाडी ऑरेलने चालवली, कारण सोलांजच्या मांडीवर कुत्री होती. डॉक्टरने कुत्रीला आत नेलं, दार लागलं, आणि मग बाकावर बसल्या बसल्या, समोरच्या भिंतीकडे बघत सोलांज बोलली.

"तुमचे डोळे मिटलेले मी बघितले."

ऑरेलने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आणि रक्त मी मचाणाखालीच बघितलं होतं, काका. इतके केस, वरची चरबी, पलीकडे काही नाही. एकशे ऐंशी ग्रेनची गोळी असं करत नाही. रक्त एक सांगत होतं आणि तुम्ही दुसरं सांगत होतात. मी तुमचं ऐकलं." थोडं थांबून ती म्हणाली, "नाहीतर दुपारपर्यंत थांबले असते. भावाला सोबत घेतलं असतं. मेलासची दोरी आखूड धरली असती."

ऑरेलला वाटलं ती ओरडेल, रडेल, त्याला चार शब्द सुनावेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

अस्वल दुपारी तिच्या भावाने आणि इतरांनी बाहेर काढलं आणि सोलांजच्याच शेडमध्ये टांगलं. संध्याकाळी ऑरेल तिथे गेला तेव्हा ती एकटीच कातडं सोलत होती. खांद्याचं मांस तिने उघडं केलं होतं. वरवर एक मोठा खड्डा, मांस काळंनिळं, हाडाला नुसता टवका. सुरीच्या टोकाने तिने मांसातून तांब्याचे आणि शिशाचे कण वेचून एका बशीत ठेवले होते. धान्यातले खडे निवडावेत तसे. तिने बशी त्याच्याकडे सरकवली आणि पुन्हा कामाला लागली.

तेव्हा ऑरेलने सगळं सांगितलं. शिडी, खांदा, खडीची खाण, जिनेटची बंदूक, प्रेस्क आईल. कोल्ह्यांचं सांगताना त्याचा तो मोठा आवाज इतका खाली गेला की सोलांजला सुरी थांबवून ऐकावं लागलं. तिच्याच बंदुकीसारखी बंदूक आणि दुकानातल्या फळीवर योग्य गोळ्या, हेही त्याने सोडलं नाही.

"लॉरेट काकूला माहीत आहे?" सोलांजने विचारलं.

"नाही."

"तिला आज सांगा." सुरी पुन्हा चालायला लागली. "मी कुणाला बोलणार नाही. पण लोकांना गोळ्या सांगणं तुम्ही आता बंद करा. नाहीतर आधी हे सांगा आणि मग गोळी सांगा."

त्याने लॉरेटला सांगितलं. ती म्हणाली, टायर बघायला गेलेला माणूस जुनेच टायर घेऊन परत आला तेव्हाच मला कळलं होतं की काहीतरी आहे. एवढंच म्हणाली, पण त्या आठवड्यात तिने मलम चोळलं नाही. डबी त्याच्या उशाशी ठेवून दिली.

लोकांना सांगणं मात्र त्याला जमलं नाही. सोलांजने दिलेल्या दोन वाटांपैकी त्याने सोपी धरली. पुढच्या ऑगस्टमध्ये लोक ओसरीवर आले की तो म्हणायचा, मला आता नव्या गोळ्यांतलं कळत नाही, दुकानातच विचारा. लोक म्हणायला लागले, म्हातारा शिष्ट झाला. सोलांजने शब्द पाळला. तिचा भाऊ कुत्रीबद्दल विचारलं की म्हणायचा, अपघात झाला, शिकारीत होतं तसं. ऑरेलला चर्चमध्ये त्याच्या शेजारी बसणं नको व्हायचं.

मग एकदा रोमियो ओव्हिला आला. गिरणीत ऑरेलच्या हाताखाली असलेला, आता हृदयाची शस्त्रक्रिया झालेला. छातीचं हाड अजून दुखतं, तो म्हणाला, बायकोची छोटी बंदूक वापरावी म्हणतो, पण लोक काय म्हणतील? आणि ती बंदूक उचलायचीच तर तिच्यात घालू काय? तो हसत बोलत होता, पण कॉफीचा कप त्याने तसाच धरून ठेवला होता. ऑरेलने नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि ते त्याला म्हणवेना. त्याने रोमियोला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. सांगून झाल्यावर शंभर ग्रेनची कुठली गोळी मागायची तेही सांगितलं, आणि कशासाठी हवी ते दुकानात खरं सांग, असं बजावलं.

रोमियो काही वाईट माणूस नाही, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. रविवारच्या प्रार्थनेनंतर गाड्यांपाशी उभ्या असलेल्या लोकांना सगळं ठाऊक झालेलं होतं. "काय ऑरेल," कुणीतरी म्हणालं, "कोंबड्या बऱ्या आहेत ना?" बाकीचे हसले. आयुष्यभर ऑरेलने कुणाचा टोमणा अंगावर राहू दिला नव्हता, पण या वेळी त्याने मान हलवली आणि लॉरेटसाठी गाडीचं दार उघडलं. काहीजण हसले नाहीत, आणि ते त्याला जास्त लागलं. रिकामं काडतूस घालून ज्यांना त्याने दचकताना दाखवलं होतं त्यातलाही एकजण तिथे होता. आता दाढी पिकलेला. तो खाली बघत किल्ल्या शोधत राहिला.

हसणारे पुढे दमले. ओसरीवर माणसं पुन्हा येतात, पहिल्याइतकी नाही. आले की ऑरेल आधी ते सांगतो. सांगून सांगून सोपं होईल असं त्याला वाटलं होतं, पण दुकानातल्या बाईच्या प्रश्नापाशी आला की त्याची जीभ आजही जड होते.

त्या अस्वलानंतर त्याने स्वतः शिकारीचा परवाना पुन्हा काढला नाही. सोलांजने दुसरं पिल्लू शिकवायला घेतलं आहे. मेलास जगली, पण मागचा पाय ओढत चालते, तिच्याकडून माग काढणं होत नाही. सरपण घेऊन ऑरेल कधी सोलांजकडे जातो तेव्हा मेलास अंगणातून लंगडत येते, त्याचे बूट हुंगते आणि शेपूट हलवते, घरच्या माणसाला बघून हलवावी तशी. ऑरेल तिच्यासाठी वाकत नाही. लाकडं एकावर एक नीट रचून होईपर्यंत तो पाठ तिच्याकडेच ठेवतो, आणि ती मागे बसून राहते.